गाडी भाच्याची, नाव आत्याचं

हॅलो?

… हो, मीच बोलतेय. तुम्ही कोण? … विमा कंपनी? नको हो. … नको म्हटलं ना. आयुष्याचा आहे, घराचा आहे. दातांचा तेवढा राहिलाय, पण आता दातच फारसे राहिले नाहीत. ठेवते.

… काय? माझ्या गाडीबद्दल? अहो, माझ्या गाडीचे पैसे मी वेळेवर भरते. … कुठली? … पिवळी?

… पिवळी, दोन दारांची. … हो, आहे ना. म्हणजे दिसतेय. खिडकीतून दिसतेय. अंगणात उभी आहे, पाठीवर कापडाचा झगा घालून. पण ती माझी…

एक मिनिट हं. गॅसवर दूध आहे. धरून ठेवा, मी म्यूट करते.

… काय रे? कपाटाला पाठ लावून हात जोडून काय उभा राहिलास? तोंडानं बोल. … काय? … कुणाच्या नावावर? … माझ्या? गाडी तुझी, हप्ते तुझे, आणि विमा आत्याच्या नावावर? कुणाला विचारून? … ‘आत्या, प्लीज’ काय! सही कुणी केली? … मी? कधी? … तो? तो तर चष्म्याच्या वॉरंटीचा कागद होता! तूच म्हणालास, ‘दुकानात जमा करायचाय आत्या, इथे आणि इथे.’ मी म्हटलं, काय गुणाचं पोर, माझ्या चष्म्याची वॉरंटी सांभाळतंय. … ‘मुख्य चालक’. म्हणजे ती गाडी मी चालवते, असं? त्या पिवळ्या बेडकीत मी? … तुझ्या नावावर तिप्पट पडत होता म्हणून. एकवीस वर्षांच्या पोराला स्पोर्ट्‌स कार म्हटलं की कंपनी तिप्पट मागणारच. उगाच नाही मागत, अनुभवानं मागते. … बघते. गप उभा राहा आणि हात खाली कर, मी देव नाही.

हॅलो, हो. गेलंच उतू. … दूध हो. बोला. … वय काय हो तुमचं? आवाज कोवळा वाटतोय. … बावीस? मग मी ‘अगं’ म्हणते, मला अहो-जाहो जड जातं. चालेल? … छान. विचार काय विचारायचंय ते.

… रेकॉर्ड होतंय? सगळं? … मी म्यूट केलं होतं तेव्हाचं? … ते नाही ना? बरं झालं. दुधाला फार बोलले मी.

… हो. मुख्य चालक… मीच. … हो, मीच चालवते. … रोज? रोज कशी गं? लहर आली की. … कशासाठी म्हणजे? भाजी आणायला. … मावते ना. एक जुडी आणि दोन लिंबं. तिसरं लिंबू मांडीवर घ्यावं लागतं.

… बसायला-उठायला? छे, त्रास कसला. खाली खाली जात राहायचं, सीट लागली की थांबायचं. बाहेर येताना कुणीतरी हात दिला की झालं. नाहीतर हॉर्न वाजवायचा, शेजारी येतात.

… फेरबदल? गाडीत? … मागे? … हो, मागे एक आडवी फळी आहे. … स्पॉयलर का. असेल. … नंतर बसवला. … कुणी म्हणजे, मीच. … का म्हणजे? जोरात गेलं की मागून उचलली जाते ना गाडी, म्हणून दाबून धरायला. … आमच्या गल्लीत? आमच्या गल्लीत पुढे शाळा, मागे दवाखाना आणि मध्ये तीन गतिरोधक. … तरी उचलली जाते गं. वारा असतो.

… सायलेन्सर? हो, तोही बदललाय. … मला कमी ऐकू येतं. गाडी चालू झाली की नाही ते कळायला नको?

… हसू नकोस, रेकॉर्ड होतंय.

… व्यवसाय? तिथं काय लिहिलंय? … काय?

… गृहिणी. … नाही नाही, काही नाही. ठसका लागला. पाणी पिते हं. म्यूट.

… ए! गृहिणी? मी? या घरात चहा तू करतोस, जेवण डब्यातून येतं, आणि मी गृहिणी? चाळीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतेय मी! ही खोली बघ एकदा डोळे उघडून. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, टेबलावर अर्धा कापलेला गिअरबॉक्स, दारामागे किल्ल्यांचा फळा. गृहिणींच्या टेबलावर गिअरबॉक्स असतो? … ‘ड्रायव्हिंग शिकवते असं लिहिलं असतं तर त्यांनी जास्त प्रश्न विचारले असते.’ वा. एवढी अक्कल होती म्हणजे. तीच गाडी चालवताना लाव की. … बरं, अजून काय काय लिहिलंयस? आत्ताच सांग, तिच्या तोंडून कळायच्या आत. … काही नाही? नक्की? … माझ्याकडे बघून सांग. … गिअरबॉक्सकडे नको बघू, माझ्याकडे बघ. … हं.

हॅलो. हो, गृहिणी. बरोबर आहे. आयुष्य गेलं त्यात.

… दुसरं कुणी? दुसरं कुणी नाही चालवत. … भाचा? हो, राहतो माझ्याकडे, वरच्या खोलीत. भावाचा मुलगा. चष्म्याच्या दुकानात असतो. … नाही गं, तो हातही लावत नाही. लांबून बघतो. पुसतो मात्र छान. रविवारची अख्खी सकाळ चाकांच्या सांध्यांतून कापूस फिरवत बसतो. स्वतःचे कान कधी इतके साफ केले नाहीत. … लग्न? कुठलं लग्न! त्या गाडीशीच लागल्यासारखं आहे. … म्हणजे माझ्या गाडीशी. हो.

… झालं का मग? … अजून आहे? विचार.

… क्लेम? कसला क्लेम?

… शनिवारी. … शनिवारी संध्याकाळी. बरं. काय झालं शनिवारी?

… नाही, मला माहीत आहे गं! माझ्याच बाबतीत झालंय म्हटल्यावर मला माहीत नसेल? तुमच्याकडे नीट लिहिलंय की नाही ते बघतेय. तू वाच. … सावकाश वाच, मला कमी ऐकू येतं म्हटलं ना.

… ‘गाडी मागे घेत असताना…’ हं. … ‘दिव्याच्या खांबाला…’ मागे घेताना. … खांबाला. उभ्या खांबाला? … हो, आडवे खांब नसतात, खरंय तुझं. … पुढे? … ‘चालक महिलेने घाबरून ब्रेकऐवजी…’ काय? परत वाच. … ‘… ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला.’ … अजून आहे? … वाच. … ‘वयोमानामुळे अंदाज चुकला.’

… 

… ऐकतेय.

… कुणाचं वयोमान?

… नाही, लाइन नाही तुटली. आहे मी. थांब एक मिनिट. … नाही, दूध नाही. आता उतू जाणार आहे ते वेगळं आहे. म्यूट करते.

इकडे ये. … ये, मारत नाही. आता मारून काय उपयोग, लहानपणीच मारायला हवं होतं. … म्हणून तो झगा होय! ‘उन्हानं रंग उडतो आत्या.’ आणि मी शेजारणीला कौतुकानं सांगतेय, किती जपतो बघा. मागचा भाग चेपलाय तो झाकायला झगा! … किती? … तळहाताएवढा? कुणाच्या तळहाताएवढा? … दोन्ही हात लांब करून दाखवतोय बघा.

… हे बघ. चालवते म्हण म्हणालास, म्हटलं चालवते. गृहिणी केलंस, झाले गृहिणी. पण खांब? आणि तोही रिव्हर्समध्ये? अरे, अर्ध्या शहराला रिव्हर्स मी शिकवलाय! माझ्या मैदानात त्या विटांच्या मधून मागं गाडी काढल्याशिवाय परीक्षेला सोडत नाही मी कुणाला. त्या हाडांच्या डॉक्टरीण, ते कोर्टातले वकील, तो पोस्टमन… सगळ्यांच्या माना मी धरून मागं वळवल्यात. ‘आरशावर विसंबू नका, मान वळवा.’ झोपेतही म्हणते मी. आणि माझ्या नावावर खांब! … आणि तू रे? दिवसभर लोकांचे डोळे तपासतोस. ‘हे अक्षर दिसतंय का, ते अक्षर दिसतंय का.’ तुला खांब दिसला नाही? ज्याच्या डोक्यावर सरकारनं दिवा लावून ठेवलाय, तो? … ‘गाणं बदलत होतो.’ हे लिहायचं होतंस की मग! ‘चालक गाणं बदलत होता.’ वयोमान कशाला मध्ये घातलंस? … खरं वाटावं म्हणून. … वा. माझं म्हातारपण तुला खरं वाटावं म्हणून उपयोगी पडलं.

… आता बोलू नकोस. ती तिकडे ताटकळलीये.

हॅलो. आले गं. … नाही, बरं वाटतंय. … हो हो, या वयात होतं असं. … हो, अंदाज चुकतो. माणसांचाही चुकतो.

… काय? … ज्येष्ठ चालकांसाठी? … म्हणजे तुम्ही पैसे द्यायच्या आधी मी शिकवणी लावायची? … ‘रिव्हर्स आणि पार्किंगची उजळणी.’ … सक्तीची आहे. बरं. … कुठे जाऊ म्हणतेस? … तुमच्या यादीतल्या शाळेत. घराजवळची शोधतेस? शोध.

… हं. पत्ता सांग. … पाण्याच्या टाकीसमोर. … निळं फाटक.

… हो. … हो, ठाऊक आहे मला. … नाही गं, लांब कुठली, चप्पलसुद्धा घालायला नको. … चांगली आहे? … तुमच्या यादीत सगळ्यांत वर? असं लिहिलंय? … आणि? … ‘शिकवतात उत्तम, पण बाई तोंडाळ आहेत.’ कुणी लिहिलंय हे? … नाव नसतं. बरं. … नाही, मला चालेल. माझं तिच्याशी पटतं. निदान आजपर्यंत पटत होतं.

… शेवटचं राहिलंय? विचार. … सगळं खरं आहे असं मी रेकॉर्डवर म्हणायचं. आणि मग पैसे मंजूर.

… थांब जरा. एक मला सांग. चूक चालकाची, असं लागलं की ती नोंद फक्त तुमच्याकडेच राहते का गं? … परिवहन कार्यालयात जाते. आपोआप. … आणि समज, एखाद्याकडे गाडी शिकवायचा परवाना असला तर? … नाही, सहज. … परवाना रोखून ठेवतात. चौकशी होईपर्यंत. … हो, मला माहीत होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की खरं वाटतं.

… आणि मी ‘हो’ म्हटल्यावर परत फिरता येत नाही? … आत्ता सांगितलं तर दुरुस्ती, नंतर सापडलं तर फसवणूक. … आणि फसवणूक लागली तर पुढे कुठलीच कंपनी विमा देत नाही. … कळलं. … नाही गं, काही चुकीचं नाहीये. चष्मा सापडत नाहीये. चष्म्याशिवाय मला खरंखोटं करता येत नाही. दोन मिनिटं देतेस? … गुणाची आहेस. म्यूट करते.

… ऐकलंस? मी ‘हो’ म्हटलं की माझी शाळा बंद. चौकशी होईपर्यंत म्हणजे किती, ते देवालाही ठाऊक नसतं. ‘नाही’ म्हटलं की तुझ्या गाडीचे पैसे बुडाले. … तू कुणाला फोन लावतोयस? … बापाला? अरे वा, वकील बोलावला. दे इकडे.

बोल रे भाऊराया. … हो, कळलं ना तुला सगळं? तुला आधीपासूनच ठाऊक होतं? … बरं. छान. … ‘हो म्हणून टाक.’ आणि परवान्याचं? … ‘बघू नंतर.’ कोण बघणार? … ‘नावच तर वापरलंय ताई, त्यानं काय झिजतंय?’ … मग तुझं का नाही दिलंस त्याला? … अरे हो की. तुझ्या नावावर आधीच दोन खांब आणि एक दुकानाचं शटर आहे, विसरलेच मी. … म्हणजे आपल्या घरात डाग नसलेलं एकच नाव, म्हणून ते फडक्यासारखं सगळ्यांनी वापरायचं? … ‘आपलाच मुलगा आहे.’ आपलाच आहे रे. खांबाला लावताना तुझा असतो, निस्तरताना आपला होतो. … बरं, बरं. ठेव. गोळ्या घे वेळेवर.

… घे तुझा फोन.

हॅलो. सापडला गं चष्मा. … हो. आता नीट ऐक, आणि नीट रेकॉर्ड होऊ दे. शनिवारी ती गाडी मी चालवत नव्हते.

… नाही. … कधीच चालवली नाही. आत बसलेसुद्धा नाही मी तिच्यात. … भाचा. गाडी त्याची, हप्ते त्याचे, खांबही त्याचाच. … नाही, त्या कागदावर मी काय आहे ते न बघता सही केली. हे माझंच चुकलं, लिही तसं. … आणि मघापासून जे बोलले ते? खोटं गं. भाजी खोटी, लिंबं खोटी, वारा खोटा. दूधही नव्हतं गॅसवर. … आणि मी गृहिणी नाही. ते निळं फाटक माझंच आहे. … हो, ती तोंडाळ बाई मीच. … अगं, तू माफी कसली मागतेस? खरं तेच लिहिलंय कुणीतरी.

… वरच्या साहेबांना विचारतेस? विचार. … धरते. कितीही वेळ धरते.

… गाणं लावून गेली. बस रे तू. … बस म्हटलं. … रडतोस काय? एकवीस वर्षांचा घोडा झालास! … हो, महाग पडेल. पडू दे. … ‘तुझा माझ्यावर जीव नाही.’ जीव नसता तर पहिल्याच वाक्याला राँग नंबर म्हणून ठेवला असता ना! तुझ्यासाठी मी मांडीवर लिंबू घेतलं रे. या वयात. रेकॉर्डवर.

… ऐक. तुला वाटतं, म्हातारीला काय कळणार अशा गाडीचं. तुझ्याएवढी होते तेव्हा मला हवी होती. लाल. कामावरून येताना शोरूमच्या काचेला नाक लावून उभी राहायचे, आतला माणूस हाकलायचा. पैसे साठवले होते मी स्वतःचे. तुझे आजोबा म्हणाले, ‘बाईमाणसाला दोन सीटची गाडी कशाला? घरच्यांना कुठे बसवशील?’ आणि पुढच्याच वर्षी तुझ्या बापाला घेऊन दिली तशीच. त्यात माझे साठवलेले पैसेही गेले. पहिला खांब त्याच गाडीचा. … नाही, तुला नाही सांगितलं त्यानं. कसा सांगेल?

… मी काय केलं? शाळा काढली. तेव्हापासून शेजारच्या सीटवर बसलेय. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि माझ्या पायाखाली नुसता ब्रेक. जन्मभर लोकांना थांबवत आले, स्वतः कुठे म्हणून गेले नाही. त्यातून मला मिळालं काय, तर हे एक नाव. रस्त्यात लोक म्हणतात, या बाईंकडे शिकलोय, म्हणजे गाडी येते. आणि तू ते चष्म्याच्या कागदाखालून सरकवून नेलंस. मागितलं असतंस ना, तर कदाचित दिलंही असतं मी, वेड्यासारखं. त्याचाच जास्त राग येतोय मला.

… काय? … ‘झालं तुझं?’ नाही झालं. … अरे, कुठे निघालास? किल्ली घेऊन कुठे… ए! दार आपटू नकोस!

हॅलो? … हो, आहे गं. ऐकू आलं? तेच दार. काय म्हणाले साहेब? … दुरुस्ती धरतात. हुश्श. … खांबाचे पैसे नाही मिळणार. नकोच. … त्याला त्याच्या नावानं नवीन विमा घ्यावा लागेल. हो, घेईल, नाहीतर चालत जाईल. … उजळणी केली तर थोडी सूट? … उजळणीची तू काळजी करू नकोस. ती होईल. भरपूर होईल.

… आणि ही माझ्या नावाची पॉलिसी? … आज मध्यरात्रीपर्यंत चालू. मग बंद. बरं. … आणि त्याचं नाव आहे ना त्यात, दुसरा चालक म्हणून? … नाही? … अजिबात नाही? … त्याचं नाव घातलं तरी पैसे वाढतात, म्हणून घातलंच नाही त्यानं. … म्हणजे गाडी आणल्यापासून हा विम्याशिवायच हिंडतोय? खांबाऐवजी माणूस असतं तर? … देवा. … म्हणजे आत्ता, या घडीला, ती गाडी रस्त्यावर न्यायची मुभा फक्त…

… थांब. हा आवाज ऐकलास? तीच. सुरू केली त्यानं. रागानं निघालाय. … चालत चालत बोलतेय गं, अंगणात आले. … ए! बंद कर! बंद कर म्हटलं!

… जातोय कुठला! फाटकाच्या एका बाजूला माझी शिकवणीची गाडी, दुसऱ्या बाजूला भिंत. मागंच घ्यायला हवी. … घेतोय. … थांबला. … पुढं घेतली. … पुन्हा मागं. … अगं, झगासुद्धा काढला नाही त्यानं, मागची काच झाकलेली आहे आणि हा आरशात बघतोय. काय दिसणार, कापड? … पुन्हा पुढं. … मी नाही जात. बघू दे त्याला. … भिंतीपासून वीतभर. … थांबला.

… बंद केली.

… नाही, बाहेर नाही आला. आत बसलाय, डोकं स्टिअरिंगवर टेकून. … रडत नसावा. असेल. काच वर आहे.

… काय म्हणालीस? … हो ना. मध्यरात्रीपर्यंत. कागदावर मीच मुख्य चालक. … तू थट्टेनं म्हणालीस, पण मला सांग, कायद्यानं चालतं ना? साहेबांना विचार हवं तर. … चालतं. तुलाच माहीत आहे. हुशार आहेस.

… अरे, काच खाली कर. … झगा मीच काढते आधी. … उतरू नकोस, आतूनच सरक पलीकडे. … सरक. … किल्ली राहू दे तिथंच. … का म्हणजे? मी बसतेय म्हणून.

… आई गं. … नाही, पडले नाही गं, बसले. गुडघे कानाला लागलेत. सीट पुढं कशी येते रे ही? … खालून का. … हं. आली.

… आहेस ना लाइनवर? ऐक. … ऐकलंस? … अगं, हा आवाज थेट छातीतच येतो! काय आहे काय हे! … ‘हसू नको’ कसलं, हस तू. मीही हसतेय. … नाही, शिकवणीच्या गाडीत असं काही होत नाही. ती खोकते.

… काय रे? … काय म्हणालास? … ऐकलंस का गं, काय म्हणाला? … ‘आत्या, सांभाळून हं, मागं भिंत आहे. मान वळवून बघ.’ … मला! … मला म्हणतोय! … नाही, रागावले नाही. … शिकला म्हणायचा काहीतरी.

… हो, लांबूनच फिरून येते. गतिरोधक नसलेल्या रस्त्यानं. … हो गं, नक्की ये शिकायला, तुला फी थोडी कमी घेईन. … हो. … बरं, आता ठेव. … नाही, खरंच ठेव तू.

मी गाडी चालवतेय.